कलाकेंद्री चार्टर शाळेत विद्यार्थ्यांची संपादणूक कशी वाढवावी

अमेरिकेतील मोठ्या शहरांमध्ये संगीत, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला यांना अभ्यासक्रमाच्या मध्यभागी ठेवणाऱ्या अनेक चार्टर शाळा आज चालू आहेत. जेरी ब्राउन कॅलिफोर्नियातील ओकलंडचे महापौर असताना त्यांच्या पुढाकाराने २००२ साली निघालेली 'ओकलंड स्कूल फॉर द आर्ट्स' ही त्यांतली बरीच परिचित. चार्टर शाळांचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात अशी पहिली शाळा उघडली. या शाळा सरकारी पैशावर चालतात आणि फी घेत नाहीत. त्यांचा कारभार मात्र स्वतंत्र नियामक मंडळ पाहते आणि ठरावीक मुदतीसाठी मिळालेल्या सनदेवर त्यांचे अस्तित्व अवलंबून असते. कलाकेंद्री शाळेची खरी अडचण इथेच सुरू होते. पालक मुलाला कलेसाठी पाठवतात, पण सनदेचे नूतनीकरण करताना सनद देणारी संस्था मुख्यतः वाचन आणि गणिताच्या राज्यस्तरीय चाचण्यांचे निकाल पाहते. अशा शाळेतील मुख्याध्यापक, शिक्षक आणि नियामक मंडळाचे सदस्य यांना उपयोगी पडेल अशा रीतीने ही मांडणी केली आहे.

आरंभीच दोन समजुती बाजूला ठेवाव्या लागतात. कला शिकवली की वाचन-गणिताचे गुण आपोआप वाढतात, ही पहिली. एलेन विनर आणि लोइस हेटलँड या संशोधकांनी २००० साली उपलब्ध संशोधनाचा मोठा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कलाशिक्षणामुळे परीक्षेचे गुण वाढतात असा सरसकट कार्यकारणसंबंध त्यांना आढळला नाही; वर्गात केलेल्या नाट्यीकरणाचा भाषिक कौशल्यांना होणारा फायदा यांसारखे मोजकेच दुवे पुराव्यावर टिकले. ह्यूस्टनमध्ये ४२ शाळांची यादृच्छिक विभागणी करून झालेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात कलाउपक्रम वाढवलेल्या शाळांत शिस्तभंगाच्या घटना घटल्या, लेखनाचे गुण सुधारले आणि इतरांविषयीची सहानुभूती वाढली. पण ते ठळक निष्कर्ष शिस्त, लेखन आणि वृत्ती यांविषयीचे होते, गणिताविषयीचे नव्हते. दुसरी समजूत याच्या नेमकी उलट आहे: गुण कमी आहेत, तर चित्रकलेचा तास काढून तिथे गणिताचा जादा तास घालावा. असे केल्याने ज्या कारणासाठी मूल शाळेत येते तेच नाहीसे होते. माझ्या मते कलाशाळेकडे खरे भांडवल असते ते तालमीच्या शिस्तीचे: बारकाईने पाहणे, चूक सर्वांदेखत दाखवली जाणे, पुन्हा करणे आणि शेवटी प्रेक्षकांसमोर उभे राहणे. ही शिस्त नृत्यशाळेच्या दारातून बाहेर काढून वाचनाच्या आणि गणिताच्या वर्गात नेणे आणि त्यासाठी वेळ राखून ठेवणे, हे पुढच्या सगळ्या सूचनांचे मूळ आहे.

आधी कोण आले आहे ते पाहावे

बहुतेक राज्यांत अर्ज जागांपेक्षा जास्त आल्यास चार्टर शाळेला सोडत काढून प्रवेश द्यावे लागतात. त्यामुळे सहावीच्या एकाच वर्गात पाच वर्षे व्हायोलिन शिकलेली मुलगी आणि कधी वाद्याला हातही न लावलेला मुलगा शेजारी बसतात; वाचनातही अंतर तितकेच असते. मागच्या वर्षीच्या राज्य चाचणीचा निकाल मूल पातळीखाली आहे एवढे सांगतो, का आहे ते सांगत नाही. म्हणून सत्राच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून उतारा मोठ्याने वाचायला लावावा. एका मिनिटात अचूक वाचलेले शब्द मोजण्याची पद्धत साधी आणि विश्वासार्ह आहे. तिसरीच्या अखेरीस साधारण ११० आणि सहावीच्या अखेरीस साधारण १४५ ते १५० शब्द हा मध्यम विद्यार्थ्याचा वेग मानला जातो. सहावीचे मूल ९० शब्दांवर अडखळत असेल, तर त्याला 'लेखकाचा उद्देश ओळखा' असले प्रश्न सोडवायला देऊन काहीही साधणार नाही. अशा मुलाची पुढची तपासणी शब्दाच्या पातळीवर करावी: अनेक अवयवांचे लांब शब्द त्याला फोडता येतात का, की पहिली दोन अक्षरे पाहून ते उरलेला शब्द अंदाजाने म्हणते? मोठ्या मुलांबाबत ही पायरी हमखास गाळली जाते, कारण माध्यमिक स्तरावरील शिक्षकांना वाचन मुळापासून शिकवण्याचे प्रशिक्षण क्वचितच मिळालेले असते. २००० सालच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने ध्वनिभान (बोललेल्या शब्दातले सुटे ध्वनी ओळखणे), अक्षर-ध्वनी संबंध, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन अशी जी पाच अंगे सांगितली, त्यांतले नेमके कोणते दुबळे आहे ते प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहिलेले असावे.

गणितात बेरीज-गुणाकाराची सहजता आणि अपूर्णांकांची समज एवढे दोनच धागे तपासले तरी बहुतेक चित्र स्पष्ट होते.

वेळापत्रक

संपादणुकीचा प्रश्न निम्म्याहून अधिक वेळापत्रकात सुटतो किंवा अडकतो, आणि मुख्याध्यापकाने दुसऱ्या कोणावर सोपवू नये असे एक काम निवडायचे झाल्यास ते हेच. कलाशाळेत प्रमुख कलेला रोज दीड-दोन तास द्यावे लागतात. त्याहून कमी वेळात गायनवृंद किंवा नृत्यसमूह उभा राहत नाही. मग वाचन-गणिताच्या जादा मदतीसाठी वेळ कुठून आणायचा? पहिला साठा तासिकांच्या अदलाबदलीत दडलेला असतो. दिवसाला आठ तासिका असतील तर सात वेळा वर्ग बदलतात. प्रत्येक बदलाला ५ मिनिटे धरली तर ३५ मिनिटे जातात. लांब तासिका करून त्या पाचवर आणल्या की चारच बदल उरतात, २० मिनिटे जातात, आणि रोजची १५ मिनिटे वाचतात. १८० दिवसांच्या शालेय वर्षात हे ४५ तास होतात. दुसरा साठा म्हणजे 'स्वयंअध्ययन' या नावाखाली मुले नुसती बसून राहतात ती तासिका. तिसरा, दिवस लांबवणे: दिवसाची लांबी आणि सुट्ट्यांचे नियोजन यांत चार्टर शाळेला जिल्ह्याच्या शाळांपेक्षा बहुधा अधिक मोकळीक असते आणि आश्चर्य म्हणजे अनेक शाळा ती वापरतच नाहीत.

वाचवलेल्या वेळेत काय बसवायचे हेही ठरलेले असावे. पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत भक्कम उपाय म्हणजे नियमित, सघन शिकवणी: एका शिक्षकाकडे तीन-चारच मुले, आठवड्यातून किमान तीन वेळा, दर वेळी साधारण अर्धा तास, वर्षभर शक्यतो तोच शिक्षक, आणि हे सगळे शाळेच्या वेळेतच. शाळा सुटल्यानंतर ठेवलेल्या ऐच्छिक शिकवणीला ज्यांना गरज कमी आहे तीच मुले येतात. कलाशाळेत तर त्या वेळी तालमीही असतात. एक नियम मात्र लेखी करून ठेवावा: मुलाला त्याच्या प्रमुख कलेच्या तासातून उठवून शिकवणीला न्यायचे नाही. ढोल वाजवण्यासाठी आलेल्या मुलाला ढोलाच्या वेळी अपूर्णांक दिले, तर तो दोन्हींचा राग करू लागतो.

वार्षिक नियोजनात आणखी एक खड्डा असतो. राज्य चाचण्या बहुधा मार्च ते मे यांदरम्यान होतात आणि शाळेचे मोठे संगीतनाटकही नेमके त्याच सुमारास लागते. प्रयोगाआधीच्या तांत्रिक तालमींच्या आठवड्यात मुले रात्री उशिरा घरी पोहोचतात, गृहपाठ बुडतो, पहिल्या तासाला अर्धा वर्ग पेंगत असतो. प्रयोग फेब्रुवारीत घ्यावा किंवा चाचण्या संपल्यानंतर ठेवावा, आणि दोन्ही तारखा ऑगस्टमध्येच एका पानावर लिहून कलाविभागप्रमुख आणि चाचणी समन्वयक या दोघांच्या सह्या घ्याव्यात. सह्यांचा आग्रह हास्यास्पद वाटेल, पण ही टक्कर दर वर्षी होते आणि दर वर्षी दोन्ही बाजू आपल्याला आधी कोणी सांगितले नाही असे म्हणतात.

कला आणि विषय यांची सांधेजोड

कलेतून विषय शिकवण्याच्या नावाखाली पुष्कळ वेळ वाया जातो. ग्रहमालेचे भित्तिपत्रक करण्यात तीन तासिका गेल्या, त्यांतल्या अडीच तासिका चिकटवण्यात आणि रंगवण्यात गेल्या, आणि ग्रहांच्या कक्षांविषयी मुलाला आधी माहीत होते तेवढेच शेवटी माहीत राहिले, तर ते विज्ञानही नव्हे आणि कलाही नव्हे. पाठ आखताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या चाळीस मिनिटांत मुलाचे डोके कशात गुंतलेले असेल, संकल्पनेत की कात्री-गोंदात?

खरी सांधेजोड कशी दिसते, ते सहावीच्या गुणोत्तराच्या पाठावरून पाहता येईल. प्रश्न असा: २ भाग निळा आणि ५ भाग पिवळा रंग मिसळून हिरव्याची एक छटा तयार होते, ६ भाग निळा घेतला तर तीच छटा येण्यासाठी पिवळा किती लागेल? वर्गातली बरीच मुले ९ असे उत्तर देतात. निळा ४ भागांनी वाढला, म्हणून पिवळाही ४ भागांनी वाढवायचा, हा त्यामागचा विचार असतो; गुणोत्तर शिकताना बेरजेची ही चूक जगभर आढळते. फळ्यावर तिप्पट करून १५ हे उत्तर दाखवले की मुले ते उतरवून घेतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बेरीज करतात. त्याऐवजी प्रत्येक गटाला थेंबनळी आणि रंग द्यावेत, ९ आणि १५ अशी दोन्ही मिश्रणे करायला लावावीत आणि पांढऱ्या कागदावर मूळ छटेशेजारी त्यांचे पट्टे ओढायला सांगावेत. नऊचा पट्टा उघड निळसर दिसतो, पंधराचा मूळ छटेशी जुळतो. चूक शिक्षकाने नव्हे, कागदाने दाखवलेली असते. मग दोन्ही मिश्रणांत निळ्याचा वाटा किती ते काढावे: पहिल्यात १५ पैकी ६, दुसऱ्यात २१ पैकी ६. इथे रंग ही सजावट नसून पुरावा आहे, आणि रंगांचे मिश्रण काळजीपूर्वक करण्याची सवय मुलांना चित्रकलेच्या वर्गातून आधीच लागलेली असते. त्यानंतरचे दोन दिवस मात्र साध्या वहीवर, रंगांशिवाय, गुणोत्तराची भरपूर उदाहरणे सोडवून घ्यावीत. राज्य चाचणीत थेंबनळी मिळत नाही.

वाचनाच्या ओघासाठी नाट्यविभाग हा तयार साथीदार आहे. एकच उतारा अनेकदा मोठ्याने वाचल्याने ओघ सुधारतो हे सिद्ध झालेले आहे, पण बारा वर्षांच्या मुलाला तोच परिच्छेद चौथ्यांदा वाचायला सांगितले तर ते कंटाळते. नाटकाच्या संहितेचे चौथे वाचन मात्र तालीमच असते. यात एक धोका आहे: मोठी भूमिका चांगल्या वाचकाला मिळते आणि ज्याला सरावाची गरज आहे तो 'शिपाई दुसरा' होऊन दोन वाक्यांवर सुटतो. म्हणून वाचनाच्या वर्गात भूमिका फिरत्या ठेवाव्यात, प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला किमान पानभर मजकूर येईल असे पाहावे आणि सामूहिक वाचनही ठेवावे.

अशा सांधेजोडीमुळे मूळ अध्यापन बाजूला पडता कामा नये. वाचन आणि गणित यांसाठी क्रमबद्ध, तपासून घेतलेला अभ्यासक्रम विकत घ्यावा आणि तो सर्व वर्गांत सारखा चालवावा. कलाशाळेतील शिक्षक सर्जनशील असतात आणि प्रत्येकाला आपले पाठ स्वतः रचावेसे वाटतात; पण सहावीचा गणिताचा शिक्षक अपूर्णांक एका रीतीने आणि सातवीचा दुसऱ्या रीतीने शिकवत असेल, तर मधल्या मधे मुलांचे हाल होतात.

लेखनावर समीक्षा

दृश्यकलेच्या वर्गात अर्धवट चित्र भिंतीवर लावून सगळ्यांनी त्यावर बोलण्याची पद्धत असते. हार्वर्ड विद्यापीठातील प्रोजेक्ट झीरोच्या संशोधकांनी कलावर्गांचे निरीक्षण करून ज्या आठ सवयी नोंदवल्या, त्यांत चिकाटी, निरीक्षण आणि स्वतःच्या कामाचे परीक्षण यांचा समावेश आहे. ह्यूस्टनच्या अभ्यासात लेखन सुधारल्याचे दिसले, त्यामुळे हीच रीत निबंधाला लावणे मला सर्वांत किफायतशीर वाटते. एका मुलाचा पहिला खर्डा, त्याच्या संमतीने, पडद्यावर दाखवावा. पहिली पाच मिनिटे फक्त काय दिसते ते सांगायचे, चांगले-वाईट म्हणायचे नाही: 'दुसऱ्या परिच्छेदात दावा आहे, पण त्याला आधार देणारे अवतरण तिसऱ्या परिच्छेदात आले आहे.' मग लेखक एक प्रश्न विचारतो, वर्ग त्या एकाच प्रश्नाला उत्तर देतो आणि उरलेल्या वेळात प्रत्येक जण आपापल्या खर्ड्यात तीच दुरुस्ती करतो. दुरुस्ती त्याच तासात झाली नाही तर ही नुसती चर्चा उरते. एका निबंधाचे तीन खर्डे वहीत राहावेत आणि श्रेणी शेवटच्या खर्ड्याला द्यावी. सत्रअखेरीच्या कलाप्रदर्शनात चित्रांशेजारी हे लेखनही लावावे, पहिल्या खर्ड्यासकट.

शिक्षकांची बैठक

दर आठवड्याला एका विषयाच्या शिक्षकांनी पाऊण तास एकत्र बसावे आणि त्या बैठकीत टक्केवारीच्या तक्त्यांपेक्षा मुलांची उत्तरे पाहावीत. वर दिलेल्या रंगांच्या प्रश्नासारखा एकच प्रश्न आणि सहा मुलांचे कागद: दोन बरोबर, चार चुकलेले. प्रत्येक चुकीमागे मुलाने काय विचार केला असेल ते मोठ्याने सांगावे, पुढच्या आठवड्यात तो भाग कोणत्या दिवशी आणि कसा पुन्हा शिकवायचा ते ठरवावे आणि त्यानंतर तसाच एक प्रश्न पुन्हा विचारावा. वर्षातून तीन-चार अंतरिम चाचण्या पुरतात. दर पंधरवड्याला चाचणी घेणाऱ्या शाळा शिकवायचा वेळ मोजण्यात घालवतात.

कलाशिक्षकांना महिन्यातून एकदा तरी या बैठकीला बोलवावे. त्यांतले अनेक जण व्यावसायिक कलावंत असतात, अर्धवेळ येतात आणि त्यांचे वेळापत्रक इतर शिक्षकांशी जुळत नाही. तरीही एकत्र नियोजनाच्या वेळेचे मानधन करारातच धरावे. त्यांच्या तासात शब्दार्थांच्या कवायती किंवा चाचणीचे सराव प्रश्न घुसवू नयेत. २०१४ च्या राष्ट्रीय कलामानकांनी निर्मिती, सादरीकरण, प्रतिसाद आणि जोडणी अशी चार अंगे मांडली आहेत. कलावर्गाची संपादणूक त्यांवरच मोजावी, आणि तीही गांभीर्याने मोजावी. ज्या शाळेत नृत्याच्या तासाला सगळ्यांनाच 'ए' मिळतो, तिथे मुलांना गणितातली 'सी' अन्याय वाटते.

हजेरी

शालेय वर्षाच्या १० टक्के किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहणे याला दीर्घकालीन अनुपस्थिती म्हणतात. १८० दिवसांत १८ दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. त्यामुळे ती लक्षात येईपर्यंत जानेवारी उजाडतो. सप्टेंबरअखेर दोन दिवस बुडालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन जावा, आणि तो कार्यालयातून नव्हे तर मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकाकडून. शहरातल्या चार्टर शाळेत मुले सर्व बाजूंनी येतात, अनेकांना दोन सार्वजनिक बस बदलाव्या लागतात, आणि पहिल्या तासाचे नुकसान रोज त्याच मुलांचे होते. तिथे सतत गणित ठेवले तर ही मुले गणितात मागे पडतात आणि कारण कोणाच्या ध्यानी येत नाही. गणित दिवसाच्या मध्यावर ठेवून सकाळी समूहगायन किंवा वाद्यवृंद ठेवण्याकडे माझा कल आहे. आपल्यावाचून सूर अपुरा पडतो हे सोबत्यांच्या चेहऱ्यावर दिसते, तेव्हा उशिरा येणारेही लवकर येऊ लागतात.

गुण कमी पडले तर प्रयोगात भाग नाही, हा नियम अनेक शाळांत असतो. तो तडकाफडकी लावू नये. ज्या मुलाला शाळेशी बांधून ठेवणारा शेवटचा धागा नाटक आहे, त्याचे नाटक काढून घेतल्यावर ते अभ्यासाला बसेल अशी अपेक्षा भाबडी आहे. त्याऐवजी भूमिका कायम ठेवून तालमीआधी रोज अर्ध्या तासाची शिकवणी सक्तीची करावी.

कायद्याच्या चौकटी आणि पैसा

चार्टर शाळा सार्वजनिक असल्यामुळे विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण, वैयक्तिक शैक्षणिक आराखडे आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना द्यायची मदत ही सर्व संघीय बंधने तिला लागू असतात. २०१५ च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्यानुसार तिसरी ते आठवी दर वर्षी आणि उच्च माध्यमिक टप्प्यावर एकदा वाचन-गणिताची चाचणी होते, आणि निकाल विद्यार्थिगटांनुसार वेगळे जाहीर होतात. सरासरी चांगली दिसत असली तरी एखादा गट मागे असेल तर तो लपत नाही. त्याच कायद्याने 'सर्वांगीण शिक्षणा'च्या व्याख्येत कला आणि संगीत यांची नावे घेतली आहेत, म्हणून त्या कायद्याच्या चौथ्या शीर्षकाखाली (टायटल फोर) मिळणाऱ्या संघीय निधीतून कलाउपक्रमांवर खर्च करता येतो. पहिल्या शीर्षकाचा (टायटल वन), म्हणजे गरीब मुलांच्या शिक्षणासाठीचा निधी मिळणाऱ्या आणि ४० टक्के किंवा अधिक मुले गरीब कुटुंबांतली असणाऱ्या शाळेला तो संपूर्ण शाळेच्या आराखड्यावर वापरता येतो. हा पैसा आधी शिकवणीच्या शिक्षकांवर खर्च करावा, संगणकीय सराव-प्रणालींवर नंतर.

नियामक मंडळाला काय दाखवावे

मंडळापुढे दर दोन महिन्यांनी एकच पान ठेवावे: वाचनाचा ओघ कितींचा वाढला, शिकवणीची ठरलेली सत्रे किती झाली आणि किती बुडाली, दीर्घकालीन अनुपस्थिती, आणि कलेतील प्रगतीचे एखादे प्रामाणिक मोजमाप. पातळी गाठलेल्यांच्या टक्केवारीबरोबर वाढही दाखवावी, कारण तिसरीच्या पातळीवर सहावीत आलेले मूल दीड वर्षाची प्रगती एका वर्षात करूनही पातळीखालीच राहते. सनद पाच वर्षांची असेल तर नूतनीकरणाचा अर्ज बहुधा पाचव्या वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावा लागतो, म्हणजे हातात पहिल्या चार वर्षांचेच निकाल असतात, आणि त्यांतले पहिले वर्ष इमारत, भरती आणि बससेवा यांच्या गोंधळात गेलेले असते. शिकवणीची तासिका त्यामुळे पहिल्या वर्षाच्या पहिल्या वेळापत्रकातच बसवावी, तिथे मुले कमी असली आणि शिक्षक एकच मिळाला तरीही.